पाखाडी चढून आलेला पारा

मित्रांनो, गोष्ट सुरू करण्याआधी माझं एक ऐका. कुठून धावतपळत आला असाल, तर आधी खाली बसा. पाठ टेका, पाय जमिनीवर सरळ ठेवा आणि थोडा वेळ तोंड मिटून राहा. हसू नका. एवढ्याशा या बसण्यानं एका बाईची नजर वाचली आहे आणि मी त्याचा साक्षीदार आहे.

मी एक जुना रक्तदाबमापक आहे, पाऱ्याचा. नाव भारदस्त आहे, पण या नावानं मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. डॉक्टर मला ‘बीपी’ म्हणतात आणि आमच्या खाडीकाठची माणसं ‘पट्टेवाला’ म्हणतात. तुमच्या आजीच्या दंडाला कापडी पट्टा गुंडाळून, रबरी फुगा दाबत, डॉक्टर ज्या काचेच्या नळीकडे टक लावून बघतात, तो मी. माणसाच्या अंगात रक्ताचा जोर किती आहे ते खरं-खरं सांगायचं, एवढंच माझं काम.

माझा जन्म एका मोठ्या शहराच्या कडेला, छोट्याशा कारखान्यात झाला. कुणी माझी पेटी केली, कुणी पट्टा शिवला आणि एका वयस्कर कारागिरानं माझ्या नळीत पारा भरला. त्यानं मला सपाट फरशीवर ठेवलं आणि तो बराच वेळ माझ्याकडे बघत बसला. पारा बरोबर शून्यावर येऊन थांबला तेव्हा तो म्हणाला, “हा खोटं बोलायचा नाही.” या वाक्याचा मला फार अभिमान आहे. जरा जास्तच आहे, असंही काही जण म्हणतात.

तिथून मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजात आलो. तिथं माझे लाड झाले. गुरुप्रसाद सर तेव्हा तरुण होते, नुकतेच शिकवायला लागले होते. ते मला स्वतःच्या हातानं पुसून वर्गात न्यायचे आणि टेबलावर मधोमध ठेवायचे. मग विद्यार्थ्यांना सांगायचे, “माणूस चालून आला, जिना चढून आला, कुणाशी भांडून आला, तर लगेच पट्टा बांधायचा नाही. पाच मिनिटं बसवायचं. त्याला बोलायला लावायचं नाही. मगच मोजायचं. नाहीतर हा बिचारा खरं सांगेल आणि तुम्ही भलतंच समजाल.” हा बिचारा म्हणजे मी. मुलं मान डोलवायची, परीक्षेत हेच लिहायची आणि पासही व्हायची.

पुढे बटण दाबलं की आकडा दाखवणारी चकचकीत यंत्रं आली. माझी रवानगी कपाटात झाली. पट्ट्यावर धूळ बसली, त्याच्या चिकटणाऱ्या कडा झिजल्या. एकेकाळी ज्यांना मी शिकवलं, तीच मुलं मोठे डॉक्टर होऊन कपाटासमोरून जायची आणि माझ्याकडे बघायचीसुद्धा नाहीत. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथं तर वैद्यानंच मला टाकलं होतं.

पण माझं नशीब चांगलं. कॉलेजनं दाभोळच्या खाडीकाठी एका गावात दवाखाना उघडला. विद्यार्थ्यांनी तिथं शिकायचं आणि गावाला औषधपाणी मिळायचं, अशी योजना होती. तिथं वारा जरा जोरात सुटला तरी लाईट जाते. सरांनी कपाट उघडलं, मला बाहेर काढून फुंकर मारली आणि म्हणाले, “चल बाबा. तुला चार्जिंग लागत नाही.” अशी माझी नोकरी पुन्हा सुरू झाली. त्यांचे हे उपकार मी कधी विसरणार नाही.

आता आमच्या दवाखान्याची जागा नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट तिथंच अडली होती. वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान. खाली खाडी. खाडीकाठी कोळणींचा बाजार, होड्या, मोहल्ला आणि शेतकऱ्यांच्या वाड्या. या दोघांच्या मधे, सड्याच्या कडेला, आमचा दवाखाना. डॉक्टरांची जीप सड्यावरच्या रस्त्यानं यायची आणि थेट दारात थांबायची. पेशंट मात्र खालून यायचे, पाखाडीनं. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची उभी वाट. आमची पाखाडी तर अशी उभी, की चढताना पुढच्या माणसाच्या टाचा आपल्या नाकासमोर येतात.

डॉक्टरांनी ती वाट वरून पाहिली होती. छान दिसते, म्हणून फोटोही काढले होते. चढून मात्र कुणी आलं नव्हतं.

दवाखान्याच्या दारातच एक टेबल होतं आणि टेबलावर मी. आत गर्दी नको म्हणून ही सोय केली होती. माणूस धापा टाकत दारात आला रे आला, की शिकाऊ डॉक्टर मनस्वी त्याच्या दंडाला पट्टा बांधायची. फुस-फुस-फुस. पारा वर, आकडा कागदावर, पुढचा माणूस. तिचाही दोष नव्हता. दुपारी जीप परत निघायची आणि त्याआधी सगळी रांग संपवायची असायची. आत बसायच्या डॉक्टर निशिगंधा. वय तिशीच्या आतलं, पुढचं शिक्षण चालू, रात्रीची ड्यूटी कॉलेजात आणि सकाळी इथं. त्यांचा डबा रोज भरलेला यायचा आणि बहुतेक वेळा भरलेलाच परत जायचा.

या रांगेत दर महिन्याला दोघी जोडीनं यायच्या. एक नसीमाचाची आणि दुसरी चिमाकाकी. चिमाकाकी शेतकऱ्यांच्या वाडीतली, तोंडानं फटकळ. नसीमाचाची मोहल्ल्यातली, जाळी विणण्यात आणि फाटलेली जाळी सांधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचा मुलगा अरशद कुवेतला होता. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. आता जाळं तिला बोटांनीच दिसायचं. पाखाडी चढताना ती चिमाकाकीचा पदर धरून यायची.

शहरातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलची गाडी महिन्यातून एकदा सड्यावर येऊन थांबायची आणि ऑपरेशनच्या पेशंटना घेऊन जायची. पण बीपी जास्त असलं, तर नेत नसत. आमच्या दवाखान्यानं ‘ठीक आहे’ म्हटलं, तरच गाडीत जागा.

पहिल्यांदा नसीमाचाची आली तेव्हा माझा पारा एवढा वर गेला की मनस्वीनं डोळे मोठे केले. डॉक्टर निशिगंधा म्हणाल्या, “चाची, इतकं बीपी असताना डोळ्याला हात लावता येणार नाही. गोळी वाढवते. पुढच्या महिन्यात बघू.”

पुढच्या महिन्यात पारा पुन्हा तिथंच. आणखी एक गोळी वाढली. गाडी तिला न घेता गेली.

तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा तिच्या कपाळावर टेंगूळ होतं. चिमाकाकी माझ्या पेटीवर हात आपटून म्हणाली, “पडवीत पडली काल. उठली की गरगरता तिला. ह्या तुमच्या गोळ्या खाल्ल्यापासून!”

मनस्वीनं पट्टा बांधला. पारा वरच.

निशिगंधा मॅडमचा आवाज चढला. “गोळ्या नीट घेता ना? खरं सांगा. घेत नसाल तर मी काय करू?”

“घेते गो बाय,” नसीमाचाची म्हणाली. “भाकरी चुकल, पण गोळी चुकायची नाय.”

“मी सोता बगते ना!” चिमाकाकी म्हणाली.

मॅडमनी विश्वास ठेवला नाही. कसा ठेवणार? समोर मी होतो, आणि मी खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मित्रांनो, मी खरंच खोटं बोलत नव्हतो. पाखाडी चढून आलेल्या, धापा टाकणाऱ्या, आज तरी नेतील का म्हणून घाबरलेल्या म्हातारीच्या दंडात त्या क्षणी जोर तेवढाच होता. घरी खाटेवर ती शांत बसायची, तेव्हा तो उतरायचा आणि वर या गोळ्या. मग गरगरणार नाही तर काय होणार? मला सगळं दिसत होतं. पण मला तोंड नाही, नळी आहे. मी फार चडफडलो.

त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांचा निरोप आला होता. तो मॅडमनी चाचीला जपून, हळू आवाजात सांगितला. मोतीबिंदू फार पिकला आहे. आणखी उशीर झाला तर डोळ्याच्या आत दाब वाढेल आणि मग ऑपरेशन करूनही नजर परत येणार नाही.  नसीमाचाचीनं चिमाकाकीचा पदर चाचपडत शोधला आणि ती पाखाडी उतरायला लागली. 

पुढच्या फेरीला सड्यावरचा रस्ता खणून ठेवला होता, म्हणून जीप येईना. दाभोळपर्यंत गाडीनं यायचं आणि तिथून होडी, असं ठरलं. अशा रीतीनं आमची वरात प्रथमच खाडीकडून आली. निशिगंधा मॅडमच्या हातात माझी पेटी, मनस्वीच्या पाठीवर औषधांची पिशवी आणि सगळ्यात मागे गुरुप्रसाद सर. ऊन रणरणत होतं. मी वजनानं काही हलका नाही. अर्ध्या वाटेत मॅडमनी मला एका पायरीवर टेकवलं, कमरेवर हात ठेवले आणि वर बघितलं. “अजून एवढी?” त्या म्हणाल्या.

वर पोचलो तेव्हा मॅडमचं तोंड लालबुंद झालं होतं. रांग लागलेलीच होती, म्हणून त्या तशाच टेबलाशी बसायला गेल्या. मनस्वी घाबरली. “मॅडम, तुम्हाला बरं नाहीये. बघू हात.” आणि सवयीप्रमाणे तिनं दारातच पट्टा बांधला.

पारा चढला. त्या वयाच्या मुलीचा चढू नये इतका चढला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा लाल रंग एकदम उतरला. त्यांच्या वडिलांना बीपीचा त्रास होता. “मला? आत्तापासून?” त्या पुटपुटल्या.

मागून सर आले. दाराबाहेरच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर बसून त्यांनी आधी स्वतःचा दम आवरला, मग म्हणाले, “निशिगंधा, आधी बस. पाणी पी. आणि बोलू नकोस.” काही वेळ गेला. सरांनी स्वतः पट्टा बांधला. या वेळी पारा गुपचूप खाली आला आणि जिथं असायला हवा तिथं थांबला. मनस्वीनं मोठ्यानं सुस्कारा सोडला.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या पाखाडीकडे बघत होत्या. खालून दोघी येत होत्या. पुढे चिमाकाकी आणि तिच्या पदराला धरून एकेक पायरी पायानं चाचपडत नसीमाचाची.

“सर,” मॅडम म्हणाल्या, “हे सगळे इथूनच येतात. दर वेळी.”

सर पाखाडीच्या टोकाशी जाऊन खाली बघून आले. मग म्हणाले, “वर्गात मी दर वर्षी हेच शिकवतो. पाच मिनिटं बसवा म्हणून. आणि इथं आपण दारात मोजतो.” त्यांनी स्वतःच टेबल उचललं आणि मला आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. शिकवणं आणि करणं यात एवढं अंतर पडलं होतं, हे त्यांना टेबल उचलताना कळलं असावं.

तुम्हाला वाटेल, झालं, संपली गोष्ट. छे! चांगलं काम इतक्या सहजासहजी जमत असतं तर काय हवं होतं? सरांनी ठरवलं, की एक गोष्ट करून बघायची, काय होतं ते मोजायचं, बिघडलं तर बदलायची. शाळेतून एक जुना बाक मागून आणला आणि दवाखान्यासमोरच्या फणसाखाली ठेवला. येईल त्यानं आधी बसायचं.

तेवढ्यावरून चिमाकाकीनं सगळ्यांना शहाणपण शिकवलं. “यात काय नवीन सांगताव? आमच्याकडं वर चढून आलेल्या माणसाला आधी गूळपाणी देतात. मंग इचारतात, काय काम काढलांस.” मॅडम म्हणाल्या, “पाणी देते काकी. गूळ नको. निम्म्या गावाला साखर आहे.”

माठ आला. लोक आवडीनं दोन-दोन पेले पाणी प्यायले. मग बसल्या-बसल्या त्यांना लघवीला लागली आणि तशीच दाबून बसले, कारण उठलं तर नंबर जाईल ही भीती. त्यानंही पारा चढतो. मग अर्धा पेला पाणी आणि ‘जाऊन या, नंबर कुठं जात नाही’ असं सांगायचं ठरलं.

पुढची अडचण फार मोठी होती. ती म्हणजे माणसांची तोंडं. आमच्या कोकणात चार माणसं एका बाकावर बसली की कोर्टकचेरी निघालीच. एकदा चिमाकाकी बाकावर असतानाच तिचा शेजारी विठू येऊन बसला. दोघांचा बांधावरच्या आंब्यावरून जुना वाद. मग काय! फणसावरचे कावळे उडाले. पाच मिनिटांनी दोघांचं मोजलं, तर पूर्वी पाखाडी चढून आल्यावर असायचं त्याहून जास्त भरलं. सर पोट धरून हसले. मग मनस्वीनं बाकाशी उभं राहून सगळ्यांना बजावलं, “इथं बसल्यावर जमिनीचं, भावकीचं आणि आंब्याचं काही काढायचं नाही.” विठूनं विचारलं, “मंग बोलायचं काय?” ती म्हणाली, “काहीच नाही.” गावाला ही गोष्ट सगळ्यात जड गेली.

सुरुवातीला कुरकुर झाली. पूर्वी लवकर सुटायचो, आता बसवून ठेवतात, असं लोक म्हणाले. पण हळूहळू गंमत झाली. पुष्कळांचा पारा खाली दिसू लागला. ज्यांच्या गोळ्या उगाच वाढल्या होत्या, त्यांच्या मॅडमनी जपून, एकेक करून कमी केल्या. त्यांचं गरगरणं थांबलं, तशी त्यांना दवाखान्याच्या फेऱ्यांवर फेऱ्या मारायची गरज उरली नाही आणि रांग आखूड झाली. नसीमाचाचीला मॅडम आता दर आठवड्याला बोलवत होत्या. तिचीही एक गोळी कमी झाली, पुढच्या आठवड्याला आणखी एक. ती पुन्हा पडली नाही.

सरांनी आणखी एक नियम केला. आठवड्यातून एकदा डॉक्टरांनीही त्या बाकावर बसायचं आणि मग माझ्यापुढे हात करायचा. मनस्वीचं ठीक निघालं, मॅडमचं ठीक निघालं. सर बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझा पारा काही खाली येईना. सर म्हणाले, “पट्टा सैल असेल.” मॅडमनी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, “सर, हा खरं सांगतो. आपण भलतंच समजायचं नाही.” गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांचं मोजणाऱ्या या माणसानं स्वतःचं मोजलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांची गोळी सुरू झाली. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं आणि वेळेवर कळलं म्हणून बरंही वाटलं. ज्यांनी मला धुळीतून काढलं, त्यांच्या एवढ्या तरी उपयोगी पडलो.

आणि मग गाडीचा दिवस आला.

नसीमाचाची त्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. बसली, पाणी प्यायली, एक शब्द बोलली नाही. पण तिच्या बोटांना चैन नव्हतं. नसलेलं जाळं विणत असल्यासारखी ती पदराची टोकं गुंफत होती. या वेळीही राहिलं तर पुढच्या महिन्यापर्यंत डोळा टिकेल की नाही, याची खात्री कुणालाच नव्हती. मॅडम सकाळपासून उभ्या होत्या. त्यांनी चाचीला आत घेतलं आणि घाईनं पट्टा बांधला. पारा ऑपरेशनला चालणाऱ्या रेषेच्या वर गेला. थोडाच, पण वर.

सड्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मनस्वी मॅडमकडे बघत राहिली. नाही म्हणायचं का?

नसीमाचाचीला आकडा दिसत नव्हता, पण खोलीतली शांतता तिला कळली. तिनं मॅडमचा हात धरला. “डॉक्टरीणबाय, हात तर तुजाच थरथरता. तू बस माज्याजवळ.”

मॅडम थांबल्या. मग मनस्वीला म्हणाल्या, “गाडीवाल्याला सांग, थांबा म्हणावं. मी सांगेपर्यंत हलायचं नाही.” आणि त्या खरंच बसल्या. चाचीच्या शेजारी, भिंतीला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून. दोघींचे हात एकमेकींत तसेच होते. चिमाकाकी समोर उभी होती. तिनं पदराचा बोळा करून स्वतःच्या तोंडावर दाबून धरला होता. खाली खाडीत एका होडीचं इंजिन टुकटुकत होतं, ते दूर गेलं. चाचीच्या बोटांनी गुंफणं सोडलं. मॅडमचे खांदे खाली आले.

मग पट्टा पुन्हा बांधला. या वेळी सावकाश.

मित्रांनो, इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या क्षणी मला मोह झाला. वाटलं, थोडं खाली दाखवावं. कुणाला कळणार आहे? पण त्या कारागिराचं वाक्य आठवलं, आणि हेही आठवलं, की मी खोटं सांगितलं तर ऑपरेशनच्या टेबलावर याच बाईचं वाईट होईल. मी जीव मुठीत धरून जसा आहे तसा वर गेलो आणि तसाच खाली आलो. मॅडमनी कानाला नळी लावून नीट ऐकलं. पुन्हा एकदा मोजलं. मग त्यांनी मान वर केली.

“चाची, गाडीत बसा.”

चिमाकाकीच्या तोंडावरचा बोळा सुटला आणि इतका वेळ कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. काय बोलली ते तिलाही सांगता यायचं नाही. चाचीचा हात धरून ती सड्याकडे धावतच सुटली, तेव्हा मनस्वी मागून ओरडली, “अहो काकी, हळू! तिकडेही मोजतील!”

दोन महिन्यांनी, शहरात राहूनच दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झाल्यावर, नसीमाचाची पाखाडी चढून आली. या वेळी तिच्या हातात कुणाचा पदर नव्हता. चिमाकाकी मागे राहिली होती आणि धापा टाकत ओरडत होती, “अगो थांब, दिसायला लागला म्हणून पळतेस काय!”

चाची बाकावर बसायचंसुद्धा विसरली. आधी माझ्याकडे आली. खाली वाकून माझ्याकडे बघितलं. “ह्यो काय तो पट्टेवाला? एवढासा?” ती म्हणाली. “ह्याला मी एवढी घाबरत होते?” खरं सांगायचं तर मी जरा ओशाळलो. मग तिनं माझा पट्टा हातात घेतला. कडा पार झिजल्या होत्या, मनस्वी तो दोरीनं बांधून वेळ निभावत होती. चाचीनं पिशवीतून जाळ्याचा निळा दोरा आणि सुई काढली, सुईत दोरा ओवला, पहिल्याच झटक्यात ओवला, आणि पट्टा दोन्ही कडांनी पक्का शिवून दिला. ते निळे टाके अजून माझ्या अंगावर आहेत. मला आयुष्यात खूप जणांनी वाखाणलं, पण असा दागिना कुणी दिला नाही.

मग तिनं मान वळवून निशिगंधा मॅडमकडे बघितलं. आवाज तिच्या ओळखीचा होता, तोंड मात्र ती पहिल्यांदाच बघत होती. बघतच राहिली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, विस्कटलेले केस, टेबलाच्या कडेला तसाच पडलेला डबा.

“अगो,” ती हळूच म्हणाली, “मना वाटला, तू कोन मोठी बाई हायस. तू तर माज्या नातीएवढी. उझमाएवढी पोर गो तू.” आणि मग विचारलं, “जेवलीस काय?”

 रोज एवढ्या माणसांना ‘जेवण जातं का, झोप लागते का’ विचारणाऱ्या त्या मुलीला हे कुणी विचारलंच नव्हतं. मॅडमनी नुसती मान हलवली. नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

चाचीनं डबा उचलला, झाकण उघडलं आणि त्यांच्यापुढे ठेवला. बाहेर येऊन तिनं रांगेला सांगितलं, “डॉक्टरीणबाय जेवते. सगळ्यांनी बसा. बोलायचं नाय.”

आणि काय सांगू मित्रांनो, अख्खी रांग बसली. बाकावर मावले नाहीत ते गडग्यावर बसले, पायऱ्यांवर बसले. विठू आणि चिमाकाकी शेजारी-शेजारी बसले आणि भांडले नाहीत. गुरुप्रसाद सर दारात उभे राहून हे बघत होते. मग तेही आपला डबा घेऊन आत जाऊन बसले. फणसाखाली सगळं गाव गप्प होतं आणि आत दोन डॉक्टर सावकाश जेवत होते.

आता मी पुन्हा कॉलेजात आहे. पारा विषारी असतो. नळी फुटली तर माणसांना आणि पाण्याला अपाय होतो, म्हणून माझ्यासारख्यांना कामातून काढलं आहे. हे योग्यच झालं. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. दवाखान्यात आता नवं यंत्र काम करतं आणि फणसाखालचा बाक तिथंच आहे. मी काचेच्या कपाटात आहे. या वेळी माझ्यावर धूळ बसत नाही, कारण सर दर वर्षी नव्या मुलांना माझ्यासमोर उभं करतात आणि निळ्या टाक्यांची गोष्ट सांगतात. आणि हो, ते आता वेळेवर घरी जातात.

मला माझ्या आयुष्याबद्दल तक्रार नाही. मी त्या कारागिराचा, सरांचा, मनस्वीचा, मॅडमचा आणि त्या पाखाडीचाही ऋणी आहे. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. दवाखान्यात जाल तेव्हा आधी बसा, दम जाऊ द्या, मग हात पुढे करा. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांनाही असंच बसवा, घाई करू नका. आणि पट्टा बांधून झाला, आकडा सांगून झाला, की उठण्याआधी एकदा समोरच्या डॉक्टरांच्या तोंडाकडे नीट बघा. चेहरा उतरलेला दिसला तर लाजू नका. नसीमाचाचीसारखं विचारा, “जेवलात का?” आणि ते नाही म्हणाले, तर बाहेर जाऊन रांगेला खाली बसायला सांगा.